दोन्हीकडच्या बाई

१

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, पूर्वी जिथे चादरी धुतल्या जायच्या तिथली एक लांबट खोली सरांना दिलेली होती. तिच्या भिंतींना अजून साबणाचा वास होता. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्यांना कोणी जा म्हटलं नाही, आणि त्यांनाही जायला दुसरी जागा नव्हती. सकाळी येऊन ते खिडकी उघडत, टेबलावरची धूळ रुमालाने पुसत आणि मेलेल्या माणसांची नाती जुळवायला बसत.

काम तसं साधं होतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी बसलेली असते. तिचा कर्करोग इतका क्वचित होतो की पुष्कळ डॉक्टरांना जन्मात एकही रुग्ण दिसत नाही. पण काही घराणी अशी असतात की तिथे तो पुन्हा पुन्हा येतो. आजीला, मग मामाला, मग भाचीला. अशा घरांत रक्तातून काय उतरतं, कुठल्या जनुकात चूक आहे, हे सर शोधत होते. त्यासाठी घरोघर जायचं, कोण कोणाचं कोण हे विचारायचं, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ असा घराण्याचा नकाशा काढायचा आणि रक्ताचे नमुने घेऊन परत यायचं.

सरांचा एक नियम होता. नवऱ्याकडच्यांना आणि बायकोकडच्यांना एकत्र बसवून काही विचारायचं नाही. एकत्र बसली की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. वेगळ्या खोलीत, वेगळं विचारायचं, आणि मग दोन्ही ताडून पाहायचं. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'पुन्हासर' म्हणत, कारण कुठलाही निष्कर्ष समोर ठेवला की ते चष्मा काढून म्हणायचे, "पुन्हा करा." हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं, आणि त्यात त्यांना काही चूक दिसत नव्हती. गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत जाणाऱ्यांपैकी ते होते.

सरांची आई याच आजाराने गेली होती, आणि थोरला भाऊही. भावाच्या गाठीचा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला तुकडा मिळवून त्यांनी तपासला, तेव्हा चूक सापडली. भावाला एकच मुलगी. तिच्यात ती चूक उतरली असेल किंवा नसेल. वर उडवलेल्या नाण्यासारखं. सरांनी लग्न केलेलं नव्हतं. रक्ताचं म्हणावं असं त्यांना आता दोघीच होत्या, ही पुतणी आणि तिची लहान मुलगी. स्वतःचं रक्त त्यांनी कधी तपासलं नव्हतं. या वयात काय करायचंय, असं ते म्हणत. खरं कारण भीती आहे, हेही त्यांना कळत होतं. पण पुतणीने मात्र आपणहून येऊन दंड पुढे केला होता. तिची कुपी आता फ्रीजमध्ये होती, आणि सर ती तपासायला काढणं रोज उद्यावर ढकलत होते.

२

पहिल्यांदा ते शिंप्याच्या घरी घडलं, आणि घडलं असंही म्हणण्यासारखं ते नव्हतं.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या. शिंप्याची बायको या आजाराने गेली होती, त्याआधी तिची आई. शिंपी मशीनपाशीच बसून बोलला. सर प्रत्येक घरात एक प्रश्न हमखास विचारत: आजाऱ्याचं शेवटी कोणी केलं? जो उशाशी बसतो त्याला घराण्याची सगळी खबर असते, असा त्यांचा अनुभव होता.

शिंपी म्हणाला, तिच्या माहेरची एक वयस्कर बाई होती. फार केलं तिने. सगळे ताई म्हणायचे.

मग मागच्या खोलीत मेहुणीला विचारलं. मेहुणी पडद्यांना कड्या लावत होती. ती म्हणाली, दाजींची लांबची बहीण होती ना, तिने केलं. सख्खी नसून इतकं करते म्हणून आम्हालाच लाजल्यासारखं व्हायचं.

सरांनी ताडून पाहिलं आणि ते शिंप्याकडे परत आले. शिंप्याने मान वर केली. "माझी कुठली बहीण, साहेब? मी एकटाच. ती हिच्या माहेरची."

मागून मेहुणीचा आवाज आला, "आमची नाही हो दाजी, तुमचीच."

दोघंही हसले. हसता हसता आधी शिंपी थांबला, मग मेहुणी. मशीनचं चाक कोणी हात न लावता थोडंसं फिरून थांबलं; पायाखालच्या पट्टीवर त्याचा पाय सैल पडला असावा.

बाई दिसायला कशा होत्या, यावर दोघांचंही एकमत होतं, कारण दोघांनाही काही सांगता आलं नाही. मेहुणीला एवढंच आठवत होतं की बाई तिच्या बहिणीची नखं कापायच्या. पाय मांडीवर घेऊन, अगदी जपून.

"आजारपणात?" सरांनी विचारलं.

"नाही, त्याच्या पुष्कळ आधीपासून. घरात एवढी माणसं, पण नखं कापायच्या फक्त तिचीच." मेहुणीने कडी दातांत धरली, काढली. "आम्ही चिडवायचो तिला. राणीसाहेब म्हणायचो."

३

सरांनी नकाशात एक वर्तुळ काढलं आणि ते तसंच सोडून दिलं, कारण त्याला जोडायला रेघ नव्हती. खोलीतल्या तंत्रज्ञ बाईंनी ते पाहिलं. नमुन्यांची सगळी चाचणी याच बाई करत, आणि सरांशी इतक्या मोकळेपणाने बोलणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं.

"सर, एवढं मोठं घराणं आणि ही एकटी हवेत लटकतेय. निदान एखादा नवरा तरी द्या तिला."

सरांनी हकीकत सांगितली. बाई म्हणाल्या, शेजारीण असेल, नाहीतर पगारी बाई असेल. माणसं मागाहून नाती लावतात. हे सरांना पटलं. पटलं म्हणून त्यांनी ते समासात लिहूनही ठेवलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन भात टाकला, कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभे राहिले, आणि जेवताना रेडिओ लावला. रेडिओ ऐकण्यासाठी नसे. घरात आपल्या चावण्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून असे.

नंतरचं घराणं एका मालमोटार चालवणाऱ्याचं होतं. गाव वेगळं, रक्त वेगळं, शिंप्याच्या घराशी बादरायण संबंधही नाही. त्याचा मुलगा ऐन विशीत गेला होता. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. चालक म्हणाला, हिच्या मावशीने केलं. आतल्या खोलीत त्याची बायको म्हणाली, ह्यांच्या आत्येने.

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. पुढचा प्रश्न त्यांच्या कुठल्याही प्रश्नावलीत नव्हता, आणि तो विचारताना एखाद्या मांत्रिकासारखं वाटून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी विचारलं, त्या मुलाची नखं कोण कापायचं?

चालकाची बायको रडायला लागली. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलंच नाही. आपल्या घरातली ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असणारच, असंच तिला वाटत होतं. मुलगा अगदी लहान होता तेव्हापासून, ती म्हणाली. मला कधी कापूच दिली नाहीत.

त्यानंतर सर प्रत्येक घरात ते विचारू लागले. सगळीकडे होय आलं नाही. पुष्कळ ठिकाणी माणसांनी खुळ्यासारखं पाहिलं, आणि ते पाहणं सरांना औषधासारखं वाटलं. पण जिथे होय आलं, तिथे बाई नेहमी दुसरीकडच्या होत्या.

४

शिक्षिकाबाईंकडे सर गेले ते मात्र वेगळ्या कारणासाठी. या बाई सरांच्याच वयाच्या, आणि त्यांच्या रक्तात चूक होती. आई गेली, दोन बहिणी गेल्या, आणि या ठणठणीत. दोष आहे आणि आजार नाही. अशा माणसात काय वेगळं आहे हे कळलं तर बाकीच्यांना वाचवता येईल, म्हणून सरांना त्यांच्याकडून फार आशा होती.

बाई एका स्वच्छ, अर्धवट रिकाम्या घरात एकट्या राहत. त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि स्वतः कॉटवर बसल्या. खोलीत फ्रीजची घरघर तेवढी होती. आहार, औषधं, सवयी, सगळं विचारून झालं. काही हाती लागलं नाही. उठता उठता सरांनी तो प्रश्न विचारला.

"माझीच," त्या म्हणाल्या. "माझीच कापायच्या. तुम्ही कोणाकडून ऐकलंत?"

उत्तराची वाट न पाहता बाई सांगू लागल्या. आईच्या आईच्या घरी त्या वाढल्या होत्या. आजाराचं मूळ आजीकडचं. आजोबा परक्या घराण्यातले, त्यांचा या रक्ताशी काही संबंध नाही. आजोबांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते कुणाच्या बोलण्यात नसत. एके दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना त्यांनी नखं कापणाऱ्या त्या बाईंकडे बोट करून मोठ्याने विचारलं, ही कोणाकडची? आजीने मामीकडे पाहिलं, मामीने आजीकडे, आईने दोघींकडे. सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण इतकी वर्षं त्या बाई घरात होत्या.

"आजोबांना वाटलं, बिचारीचा अपमान झाला. ते म्हणाले, असू दे, माझी समजा. एवढंच म्हणाले आणि पोळी मोडली."

"मग?"

"मग काही नाही. त्या दिवसापासून त्या आजोबांजवळ बसायला लागल्या. माझी नखं मीच कापायला शिकले. वेडीवाकडी कापली जायची पहिल्यांदा." बाईंनी आपले हात पाहिले. "आजोबा त्या वर्षी गेले."

सरांनी विचारलं, कशाने.

बाईंनी त्या छोट्या ग्रंथीचं नाव घेतलं. अगदी बरोबर उच्चार केला, शिक्षिकाच त्या.

परतीच्या बसमध्ये सर स्वतःला समजावत राहिले. म्हातारपणी कुठलाही कर्करोग कुठेही होऊ शकतो. त्या काळातलं निदान, त्या काळातला डॉक्टर. एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही, हे तर ते आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आले होते. पण त्यांच्या हाताला नकळत एक खोड लागली होती. अंगठ्याने ते एकेका बोटाचं टोक चाचपून पाहत होते.

५

वहिनीला फोन करायला त्यांनी रविवार दुपार निवडली. वहिनी मुलीपासून लांब, आपल्या बहिणीकडे राहत असे. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गुडघे कसे आहेत, झोप येते का. मग सरांनी विचारलं, दादाचं शेवटी कोणी केलं?

असं काय विचारता भावजी, वहिनी म्हणाली. आपण सगळेच होतो की.

सरही होते. त्यांना खोली आठवत होती. कोपऱ्यातला सलाइनचा स्टँड, खिडकीला लावलेला वर्तमानपत्राचा कागद, औषधांच्या बाटल्यांवरून सरकत जाणारं ऊन. दादाचे हात चादरीवर होते. त्यांना तेव्हाही वाटून गेलं होतं की मरणाऱ्या माणसाची नखं इतकी नेटकी कशी. उशाशी एक बाई बसलेली होती. त्या वहिनीच्या मावशी आहेत हे त्यांना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. ते त्यांनी आपलं गृहीत धरलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी किती घरांत किती माणसांना प्रश्न विचारले, आणि स्वतःच्या घरात नियम पाळायचा राहून गेला.

"तुझी एक मावशी यायची ना, वहिनी? दादाजवळ बसायची ती."

"माझी मावशी? अहो, त्या तुमच्या आईकडच्या ना? तुमच्या आईंचंही त्यांनीच केलं म्हणून ऐकलं होतं मी. म्हटलं, यांच्याकडची रीत असेल." मग जरा हसून ती म्हणाली, "तुम्ही असे विसराळू कधीपासून झालात?"

सरांनी विसरायला होतं खरं, असं म्हणून फोन ठेवला. रेडिओ लावला. तो चालू होता, आणि तरी घर ऐकू येत होतं.

६

पुतणीची कुपी त्यांनी दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढून तंत्रज्ञ बाईंच्या हातात दिली. निकाल आला. चूक नव्हती.

"पुन्हा करा," सर म्हणाले.

बाईंनी पुन्हा केली. चूक नव्हती. सरांचं तोंड पाहून त्यांनी न सांगता तिसऱ्यांदा केली आणि कागद त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "सर, आता मात्र पेढे आणा. तुमच्या पुतणीला नाही, तिच्या मुलीला नाही. आता जाऊन सांगा, आणि दारात उभं राहून उगीच खोकत बसू नका."

सर खरंच हसले. कित्येक दिवसांत इतकं हलकं त्यांना वाटलं नव्हतं. शिंपी, चालक, शिक्षिका, वहिनी हे सगळं एका म्हाताऱ्या, एकट्या माणसाच्या डोक्यात साचलेलं जळमट होतं. खूप घरांतल्या मरणकथा ऐकल्या की माणूस दमतो. दमलं की कशाचा कशाला धागा लागतो. रक्तात चूक नाही म्हणजे नाही. ती आईत नसेल तर मुलीत उतरायला येणार कुठून? इतकं स्वच्छ शास्त्र आहे. सरांनी वाटेत मिठाई घेतली आणि छोटीसाठी एक रंगांची पेटी.

७

पुतणीने दार उघडलं आणि सरांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. ती दाराच्या चौकटीला टेकून रडली, मग हसली, मग काका, बसा ना, उभे काय, असं म्हणून पाणी आणायला पळाली. जावई कामावरून लवकर आला होता. त्याने सरांचे दोन्ही हात धरले. हा जावई मोठा बोलघेवडा. पण त्या दिवशी तो नुसते हात हलवत राहिला. पुतणी सोफ्याच्या कडेवर बसून पुन्हा पुन्हा विचारत होती, म्हणजे छोटीलाही नाही ना? अजिबात नाही ना? आणि सर पुन्हा पुन्हा सांगत होते की नाही. कोणाला एकदाच सांगून थांबावंसं न वाटणारं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलंच उत्तर होतं.

छोटी कुठे आहे, त्यांनी विचारलं. रंगांची पेटी द्यायची होती.

"आत आहे. आत्यांजवळ."

सरांच्या हातातला पेला तिथेच राहिला. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तिकडून एक बारीक आवाज आला. टक्. मग जरा वेळाने, टक्.

"कुठल्या आत्या?" सरांनी विचारलं. आवाज साधा निघाला.

पुतणीने स्वयंपाकघराकडे निघालेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. ह्यांच्याकडच्या. अधूनमधून येतात अलीकडे. छोटीला फार लळा लागलाय.

जावई तेवढ्यात बशा आणायला स्वयंपाकघरात गेला होता. सर उठले, हात धुतो म्हणाले आणि त्याच्या मागे गेले. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात त्यांनी विचारलं, ह्या आत बसल्या आहेत त्या तुमच्या आत्या का?

"माझ्या?" जावई मिठाईचा खोका उघडत म्हणाला. "नाही हो काका, त्या हिच्याकडच्या. मला वाटलं, तुमच्याच कोणी." मग आवाज उतरवून म्हणाला, "बोलत नाहीत फार, पण स्वभावाने गरीब आहेत."

सर नळाखाली हात धरून उभे राहिले. हात कधीच स्वच्छ झाले होते. पुतणीत चूक नाही. छोटीत येण्याचा प्रश्नच नाही. तीन वेळा केलं. पण शिक्षिकाबाईंच्या आजोबांच्या रक्तातही नव्हती. आपण चूक शोधत राहिलो रक्तात. आणि या बाई, सरांना वाटलं, रक्ताच्या मागे येतच नसतील तर? घर ओळखीचं झालं म्हणून येत असतील तर? लगेच वाटलं, हे वेड आहे. मोलकरीण असेल. शेजारीण असेल. आत जावं, नमस्कार करावा, आपण कोण म्हणून विचारावं, सगळा उलगडा होईल.

ते दारापर्यंत गेले. फटीतून खाटेची कड दिसत होती, आणि खाटेवर छोटी, कंटाळून लोळत पडलेली, तोंडाने काहीतरी गुणगुणत. तिचा एक पाय कोणाच्या तरी मांडीवर होता. ते माणूस वाकलेलं होतं, त्यामुळे पाठ आणि सारखे बसवलेले पांढरे केस तेवढे दिसले. मग हात दिसला. छोटीचा तळवा तो सांभाळून धरून होता, जसा आपण काचेचा पेला धरतो. त्या हाताच्या बोटांना नखं नव्हती. काढलेली नव्हे, तुटलेली नव्हे. टोकाला पोहोचेपर्यंत बोट सगळीकडून बोटच होतं.

टक्.

विचारावं की नाही, हे सरांनी ठरवलं असं नाही. ठरवण्यात तर त्यांचा जन्म गेला होता. शिक्षिकाबाईंच्या आजोबांनी मोडलेली पोळी तेवढी डोळ्यांपुढे आली, आणि ते वळले. पुतणी मागे उभी होती, तिच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं.

"त्या माझ्याकडच्या," सर म्हणाले.

"तुमच्याकडच्या म्हणजे आपल्याच ना?"

"आपल्या नाही. तुमचा काही संबंध नाही त्यांच्याशी, तुझाही नाही आणि ह्यांचाही नाही. माझ्या आहेत. माझ्याकडे असतात. मी नसलो की चुकून इकडे येतात. मी घेऊन जातो."

आत आवाज थांबला.

पुतणीच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजळत गेलं. तिने तोंडावर हात ठेवला. "काका. म्हणजे तुम्ही… आणि आम्हाला इतके दिवस एका शब्दाने बोलला नाहीत." जावयाकडे वळून ती म्हणाली, "ऐकलंत का, काकांचं?" जावई बशा घेऊन दारात उभा होता, त्याने भुवया वर केल्या आणि अगदी प्रेमाने, शहाण्यासारखा गप्प राहिला.

सरांनी तसंच समजू दिलं. कान गरम झाल्याचं त्यांना जाणवलं. या वयात असं लाजायची वेळ येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि एका बाजूने, भीतीच्या अगदी शेजारी, ते बरंही वाटलं.

"एकच पाय झालाय," आतून छोटी कुरकुरली. "दुसरा राहिला."

"दुसऱ्याची नखं तुझी आई कापेल," सर म्हणाले. "आईच, आजच्या आज."

त्यांनी रंगांची पेटी सोफ्यावर ठेवली आणि दाराकडे पाठ करून चपला घातल्या. मागे खाट करकरली. कोणीतरी उठलं होतं. पुतणी कोणाला तरी म्हणाली, येत जा हं, काकांबरोबर या. आणि सर वळून इतके झटकन नको म्हणाले की ती दचकली.

८

ते चालत घरी गेले. ऊन उतरत होतं, दुकानांपुढे पाणी मारलेलं होतं, शाळेतून मुलं सुटली होती. सरांनी एकदाही मागे पाहिलं नाही. फुटपाथवरची माणसं त्यांना वाट देताना जरा जास्तच बाजूला सरत होती, दोघांना पुरेल इतकी. किंवा म्हातारा माणूस म्हणून सरत असतील. असं दोन्ही असू शकतं, हे सरांनी मनात नोंदवलं.

जिन्यावर ते नेहमीसारखे मध्येच थांबले नाहीत. कुलूप उघडलं, आणि आपण आधी आत जावं की दार धरून उभं राहावं हे न कळून क्षणभर घुटमळले. शेवटी ते बाजूला झाले. उंबऱ्यावरची हवा किंचित हलली. मग ते आत गेले आणि त्यांनी कडी लावली.

उद्या स्वतःचं रक्त द्यायचं, त्यांनी ठरवलं. तंत्रज्ञ बाईंना सांगायचं. निकाल काहीही येवो, पुतणीच्या घरी पंधरा-वीस दिवसांनी फोन करून सहज विचारायचं, कोणी येतं का आता? ती नाही म्हणाली की झालं. मग बाकीचं सगळं वेड ठरलं तरी चालेल. ते वेडच ठरावं, अशी त्यांची फार इच्छा होती.

पुढच्या खोलीत दिवा न लावता ते खुर्चीत बसले. आतल्या खोलीत, जिथे कित्येक वर्षांत त्यांच्याशिवाय कोणी गेलं नव्हतं, पलंगाच्या कडेला कोणीतरी टेकल्याचा आवाज झाला. गादी दबली, सावरली. पुन्हा शांत.

भीती वाटत होती, पण सवय भीतीपेक्षा जुनी होती. ज्या प्रश्नाने त्यांनी इतकी घरं उघडली तो त्यांच्या तोंडून आपसूक निघाला, तोच नम्र, कामाचा स्वर.

"एक विचारू का? आपण मुळात कोणाकडच्या?"

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारीचं दार लावलं. मग आतून उत्तर आलं, ना म्हाताऱ्या आवाजात ना तरुण. कामात असलेलं घरचं माणूस मान वर न करता बोलतं तसं.

"मघाशी तूच सांगितलंस ना."

दादा गेल्यापासून सरांना कोणी 'तू' म्हटलं नव्हतं. ते ऐकून त्यांच्या छातीत जे इतकं बरं वाटलं, त्याचीच त्यांना आता सगळ्यात जास्त भीती वाटत होती. खुर्चीच्या हातांवरची पकड सैल करून ते उठले, आणि आतल्या खोलीकडे गेले.